हजारात हजार

"आहात का?"

"हाय की, मॅडम."

"लूप लावा."

"लावला."

"सोडते हं."

अनिसानं एक कळ दाबली, रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यावर दाबला आणि पडद्याकडे बघत बसली. सोलापुरात बाळीवेशीजवळ बँकेची मुख्य कचेरी, तिच्या तिसऱ्या मजल्यावर नेटवर्कची खोली. या खोलीत एसी उत्तम होता आणि माणसं येत नसत. साहेब लोकांना ही खोली आठवायची ती फक्त एखाद्या शाखेचं कनेक्शन गेलं की. मग मात्र सगळे एकदम जिना चढून यायचे आणि अनिसाच्या पाठीशी उभे राहून उसासे टाकायचे, जसं काही त्यांच्या उसाशांनी लाईन वर येणार होती.

फोनच्या पलीकडे केम शाखा होती. करमाळा तालुक्यातलं गाव, स्टेशन आहे, केळीच्या बागा आहेत. तिथल्या शाखेत कोपऱ्यातल्या टेबलावर महादेवप्पा नावाचे क्लार्क बसायचे. एकवीस वर्षांपूर्वी मोडेम बसवायला माणसं आली तेव्हा प्लगची जागा नेमकी त्यांच्या टेबलामागे निघाली, आणि मोडेम महादेवप्पांच्या गळ्यात पडलं. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अनिसानं फोनवरून शिकवलं.

लूप म्हणजे तसं काही अवघड प्रकरण नव्हे. मोडेमच्या पाठीवर एक छोटं बटण असतं. ते आत दाबून ठेवलं की सोलापूरहून गेलेली प्रत्येक गोष्ट केमच्या दारावरूनच जशीच्या तशी माघारी फिरते. अनिसा एक हजार पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, सोडायची आणि परत किती येतात ते मोजायची. जितकी कमी येतील तितका रस्ता खराब. मोजून झालं की ती म्हणायची, "काढा." महादेवप्पा बटण बाहेर ओढायचे, म्हणायचे, "काढला." मग शाखा उघडायची. एवढंच. एकवीस वर्षं, रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज सकाळी.

"मॅडम, हजार होऊ द्या, मग जरा एक सांगायचं हाय," महादेवप्पा म्हणाले.

"सांगा की."

"न्हाय, मोजून होऊ द्या. मधे बोललं की तुमचं चुकतंय."

ते खरं होतं. अनिसा हसली. पडद्यावरचा आकडा चारशेच्या पुढे गेला आणि तेवढ्यात दार उघडून श्रीशैल साहेब आत आले. "अनिसाबाई, वर मीटिंग आहे. आत्ताच्या आत्ता. चेअरमन बसलेत."

"महादेवप्पा, मी करते परत फोन," असं म्हणून तिनं रिसीव्हर ठेवला.

मीटिंग जुन्या लाईनींबद्दलची होती. एकेक करून सगळ्या शाखा नव्या लाईनवर गेल्या होत्या. मंद्रूप गेलं, होटगी गेलं. केमलाही महिन्यापूर्वी नवी लाईन आली होती आणि शाखेचं सगळं काम तिच्यावरच चालायचं. जुनी नुसती आधाराला म्हणून ठेवली होती. आता तीही नको, असं ठरलं. येत्या शनिवारी केमची जुनी लाईन बंद. नव्या लाईनींवर दुसऱ्या शहरात बसलेलं कुणीतरी लक्ष ठेवणार, तपासणी मशीनच करणार. "म्हणजे अनिसाबाईंचा रोजचा ताप वाचला," श्रीशैल साहेब कौतुकानं म्हणाले, आणि सगळे हसले. अनिसाही हसली. मग दिवसभर कागदपत्रं, जुन्या सामानाच्या याद्या, सह्या. संध्याकाळी सात वाजता ती घरी जायला निघाली तेव्हा डोकं भणभणत होतं.

अनिसा चोपन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. राहिलं, असं ती म्हणायची, जसं एखादं काम राहतं. वडील गेले तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती, धाकट्या बहिणींची लग्नं करायची होती, आणि ती होईपर्यंत तिच्यासाठी येणारी स्थळं थांबली होती. आता शास्त्रीनगरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई मुमताज, अशा दोघीच. तिला त्याचं फार दुःख होतं असं नाही. पण सकाळी साडेनऊला कुणीतरी "हाय की" म्हणतं, या एका गोष्टीवर तिचा दिवस उभा होता, आणि हे तिला स्वतःला कळून पुष्कळ वर्षं झाली होती.

ते "आहात का" आणि "हाय की" कुठून सुरू झालं तेही तिला आठवत होतं. फार जुनी गोष्ट. रस्त्याच्या खोदाईत कुठंतरी तार तुटली होती, शाखेत लोक खोळंबले होते, आणि महादेवप्पांनी सहज विचारलं होतं, "मॅडम, ही वायर हितनं सोलापूरपत्तुर सलग हाय का?"

"नाही ओ. आपल्या एकट्याची वायर कुठली? मधे मोठा रस्ता आहे, सगळ्यांचा मिळून. आपलं बोलणं तुकडे करून त्यात सोडायचं. प्रत्येक तुकड्यावर कुठं जायचं ते लिहायचं, नंबर टाकायचा. मधल्या ठाण्यावर मशीन पत्ता वाचतं आणि पुढं ढकलतं. कुर्डुवाडीकडं तुटलं तर बार्शीकडून नेतं. एखादा तुकडा हरवला तर पोचणाराच नंबर बघून म्हणतो, अमुक आला नाही, पुन्हा पाठवा."

"पण तुमी तर म्हनला हुता, केम-सोलापूर कायमची जोडणी हाय म्हणून."

"आहे की. पण ती नुसती नोंद. मधल्या मशीनमध्ये लिहून ठेवलंय, केमचं आलं की सोलापूरला द्या. बोलाल तेव्हा वाट मिळते. नाही बोललात तर वाट दुसऱ्याची."

"आन् गप बसलं तर?"

"तर काहीच जात नाही. पूर्वीच्या ट्रंककॉलला गप्प बसलं तरी तार आपल्यासाठी अडवलेली असायची. इथं तसं नाही."

महादेवप्पा म्हणाले होते, "म्हंजे गप बसलेला आन् नसलेला, दोगं सारकेच की."

"म्हणून तर दर दहा सेकंदाला मशीन विचारतं, आहेस का? तिकडून उत्तर येतं, आहे. तेवढं आलं की इथं हिरवा दिवा राहतो."

"हाय की," महादेवप्पा म्हणाले होते, आणि दोघंही हसले होते. दुसऱ्या दिवसापासून फोनची सुरुवात तशीच व्हायला लागली.

त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. केम काही परदेशात नाही, गाडीत बसलं की अडीच तासांत माणूस पोचतो. पण जायला निमित्त लागतं आणि मोडेम कधी बिघडलंच नाही. बँकेच्या टपालाच्या थैलीतून अनिसा शेंगांची चटणी पाठवायची, तिकडून केळी यायची, कधी पिकून काळी झालेली. महादेवप्पांची पत्नी वारली तेव्हा ते तेरा दिवस रजेवर होते. चौदाव्या दिवशी "हाय की" म्हणताना आवाज फुटला होता, आणि अनिसानं त्या दिवशी हजाराऐवजी पाच हजार पॅकेट सोडली होती, म्हणजे तेवढा वेळ फोन धरून ठेवता आला. जिल्ह्यातल्या सगळ्या शाखा तिला ताई म्हणायच्या, कुणी आपा म्हणायचं. महादेवप्पांनी तिला कधीही ताई म्हटलं नाही.

मंगळवारी सकाळी तिनं केमला फोन लावला. वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. तोही वाजून वाजून बंद झाला. तो फोन महादेवप्पांच्या टेबलावर असायचा आणि दुसरं कुणी उचलत नसे. महिन्याची पहिली तारीख, पेन्शनवाल्यांची गर्दी असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. पडद्यावर केमपुढचा दिवा हिरवा होता. म्हणजे माणूस जागेवर आहे.

बुधवारीही तेच. फोन वाजतोय, दिवा हिरवा. शनिवारी लाईन बंद. त्यानंतर या माणसाला फोन करायचा तो कशासाठी? काय सांगून? चोपन्नाव्या वर्षी, एवढ्या मोठ्या बँकेत नोकरी करून, तिच्याकडे एक साधं कारण उरणार नव्हतं.

त्या लाईनवर एक जुनी सोय होती. फोन बंद असला की दोन्हीकडचे लोक तपासणीच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळ लिहायचे आणि ती पलीकडे उमटायची. दहा वर्षांत तिनं ती वापरली नव्हती. बुधवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिनं तो पडदा उघडला. तिनं लिहिलं, "शनिवारी भेटू?" आणि कळ दाबली. दाबताक्षणी उठली. आपण काय करून बसलो हे बघायचंही धाडस तिला झालं नाही. ती सरळ जिना उतरून खाली गेली, माठातलं गार पाणी प्यायली, तोंडावर मारलं, पुन्हा प्यायली.

वर आली तेव्हा तिच्या ओळीखाली दुसरी ओळ उमटली होती.

"शनिवारी भेटू?"

अनिसा खुर्चीत बसली. तिनं ती ओळ चार वेळा वाचली. असाच माणूस तो. होय म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही, आपलंच आपल्याला परत करणार, "लावा" म्हटलं की "लावला", "काढा" म्हटलं की "काढला". तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग ती श्रीशैल साहेबांकडे गेली आणि म्हणाली, केमचं मोडेम ठेकेदाराच्या माणसाकडून नको, मी स्वतः जाऊन आणते. साहेबांनी चकित होऊन मान हलवली.

ते तीन दिवस ती कशी वागली ते विचारू नका. गुरुवारी नव्या पेठेतून फिकट जांभळी साडी घेतली. शुक्रवारी चटणी कुटली, आणि पहिली फार तिखट झाली म्हणून दुसरी कुटली. शनिवारी पहाटेच तयार झाली तेव्हा मुमताजनं पांघरुणातूनच विचारलं, "इत्ते सवेरे कां जारी गे?"

"केमकू जारी अम्मा. मशीन लाने."

"मशीन लानेकू नवी साडी कायकू?"

अनिसानं चटणीची बरणी पिशवीत ठेवली. म्हातारी नुसतं म्हणाली, "पानी की बाटली लेके जा."

केमला ती उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनापासून बँक दहा मिनिटांवर. शाखा लहान होती, तिनं मनात बांधली होती त्याहून लहान. काचेच्या केबिनमध्ये नवी शाखाधिकारी महेश्वरी बसली होती, तिशीतली चटपटीत मुलगी. तिनं उठून खुर्ची दिली.

"तुम्ही कशाला त्रास घेतला, मॅडम? कुणाला तरी पाठवायचं."

"महादेवप्पा?" अनिसानं विचारलं. आपला आवाज जरा जास्तच घाईत निघाला असं तिला वाटलं.

"महादेवप्पाकाका? ते तर सोमवारीच रिटायर झाले की. तीस तारखेला. हेड ऑफिसला कळलं नाही का?" महेश्वरीनं मोबाईल काढला. "हे बघा, निरोपाचा फोटो."

फोटोत एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा माणूस शाल आणि हार घालून अवघडून उभा होता. कपाळावर विभूतीचे पट्टे. अनिसानं एकवीस वर्षं त्याला उंच समजलं होतं. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"गेले कुठं?"

"गावाकडं, अक्कलकोटच्या बाजूला. मंगळवारीच गेले."

"पण बुधवारी..." अनिसा म्हणाली, आणि थांबली.

ती उठली आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. मागे भिंतीशी मोडेम होतं, त्याचा दिवा हिरवा होता. तिनं मोडेम फिरवलं. पाठीवरचं बटण आत दाबलेलं होतं. त्याच्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद होता, आणि कागदावर ठळक, सावकाश अक्षरात लिहिलेलं:

"लूप लावलेला आहे. सोलापूरच्या मॅडमनी सांगितल्याशिवाय कुणीही काढू नये. महादेवप्पा. सोमवार, सायं. ७.१०."

ज्या बाईनं अख्ख्या जिल्ह्याला लूप ओळखायला शिकवलं होतं, ती त्या कागदासमोर उभी राहिली. सोमवारी तिनं लावा म्हटलं होतं. काढा म्हणायचं राहिलं होतं. बुधवारची ती ओळ इथवर आली होती, या दारावर थडकली होती आणि तशीच माघारी गेली होती. तीन दिवस ती स्वतःच्याच शब्दांवर खूश होती.

"त्या कागदाची काय भानगड आहे?" महेश्वरी मागून म्हणाली. "सोमवारी आम्ही सगळे जेवायला थांबलो होतो, काका उठेचनात. फोन यायचाय म्हणत होते. आमच्या निंगप्पाला शेवटी कुलूप घेऊन उभं राहावं लागलं, तेव्हा निघाले."

शिपाई निंगप्पा दारातच उभा होता. म्हणाला, "एकदा लई वर्षामागं त्येनी आपल्या मनानं काडला हुता म्हणं. तवा तुमी रागवला हुता. तवापास्नं सांगितल्याबिगर हात न्हाय लावला कदी."

अनिसाला ते आठवलं. तपासणीच्या मधेच लूप निघाल्यानं जोडणी बिघडली, अर्धा दिवस शाखा बंद पडली होती आणि ती फोनवर त्यांच्या अंगावर ओरडली होती. सोळा वर्षं झाली असतील. तिनं ते त्याच आठवड्यात विसरून टाकलं होतं.

तिनं महेश्वरीकडून नंबर घेतला. महेश्वरी शहाणी होती, ती निंगप्पाला घेऊन केबिनमध्ये गेली. अनिसा महादेवप्पांच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"आहात का?" ती म्हणाली.

पलीकडून आवाज आला. "हाय की, मॅडम."

"मी केममधून बोलते. तुमच्या टेबलावरून."

"केममधनं?" ते गडबडले. "तुमी आला? आन् मी न्हाय तितं!"

"सोमवारी माझं राहून गेलं, महादेवप्पा. मीटिंग लागली. तुम्ही सातपर्यंत बसून राहिलात."

"त्येचं काय येवढं. रिटायर हुतो म्हणून सांगायचं हुतं, बाकी काय न्हाय." मग ते म्हणाले, "मंगळवारी सोलापुरात गाडी बदलायची हुती. दोन तास बसलो टेशनात. म्हनलं, जावं बाळीवेशीला, मॅडमला बघून यावं. मग म्हनलं, बोलावलं न्हाय त्येनी, कसं जायाचं?"

अनिसानं डोळे मिटले. मंगळवारी तेवढ्याच वेळात ती इथला फोन वाजवत बसली होती.

"लूप काढायचाय," ती शेवटी म्हणाली.

"तुमी सांगा, मग."

"काढा."

"काढला," महादेवप्पा म्हणाले, आणि अनिसानं बटण बाहेर ओढलं. हिरवा दिवा दोन वेळा लुकलुकला आणि विझला. त्या जागी लाल लागला. जुनी लाईन आज बंद झाली होती; इतका वेळ तो नुसत्या लूपवर हिरवा होता, आता लालच राहणार होता.

"किती आले, मॅडम?" ते एकवीस वर्षं विचारायचे तसंच त्यांनी विचारलं.

"सोमवारचे मोजायचे राहिले." ती म्हणाली. "बुधवारी मी एक ओळ पाठवली होती. तुम्ही नव्हता. परत आली."

"मग पुन्ना पाठवा की. तुमीच शिकवलं हुतं."

खिडकीबाहेर केळीनं भरलेला ट्रॅक्टर बाजाराच्या रस्त्याला लागला होता. त्याचा आवाज दूर जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं ती ओळ म्हटली, दोनच शब्द, आणि फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे काही नव्हतं, श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. पण तिचे शब्द या वेळी माघारी आले नाहीत.

"किती आलं?" पुष्कळ वेळानं तिनंच विचारलं.

"हजारात हजार, मॅडम," महादेवप्पा म्हणाले, आणि त्या चौदाव्या दिवसासारखा त्यांचा आवाज फुटला.

पुढं कुणीच काही बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही. निंगप्पानं चहा आणून टेबलावर ठेवला, महादेवप्पांच्या कान तुटलेल्या कपात, कारण त्या टेबलावर तोच कप ठेवायची त्याच्या हाताला सवय होती. अनिसानं एका हातानं फोन धरला आणि दुसऱ्या हातानं तो कप जवळ ओढला.